कमी चाललेली गाडी आणि उभ्या इंजिनाची झीज

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस दार उघडताच आधी मीटर पाहतो आणि आकडा लहान दिसला की खूश होतो. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका संग्राहकाच्या गॅरेजमध्ये माझेही तसेच झाले. समोर १९७०च्या दशकातील दोन दारांची पोर्शे ९११ कूपे उभी होती. मूळ रंग शाबूत आणि मीटरवर चाळीस हजारांच्या आतला आकडा. मालकांनी मात्र ऑइल टाकीचे झाकण काढून माझ्यासमोर उलटे धरले. आतल्या बाजूला लोण्यासारखा फिकट पिवळा थर बसला होता. तेल आणि पाणी एकत्र घुसळले गेले की असा थर तयार होतो. पण या गाडीला रेडिएटर नाही, कूलंटही नाही, मग पाणी आले कुठून?

त्यातील बरेचसे पाणी पेट्रोलमधून आले. पेट्रोलमधील हायड्रोजन जळताना ऑक्सिजनशी संयोग पावतो, आणि एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. ही वाफ बहुतांशी सायलेन्सरवाटे निघून जाते, परंतु थोडी पिस्टनच्या रिंगांपाशी निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचात, उतरते आणि तिथला धातू थंड असेल तर त्यावर जमते. पावसाळ्यात दमट हवा त्यात भर घालते. द्राक्षाच्या पानावर दव साचले की डाऊनी हा बुरशीचा रोग येणार, हे आपल्या बागायतदारांना सांगावे लागत नाही. रात्रभर गार पडलेल्या धातूवर सकाळची ओलसर हवा लागली की तेच दव इंजिनातही पडते.

या गाडीसारख्या एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या, इंजिनात हे अधिक महत्त्वाचे ठरते. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धरून ठेवते. ही उणीव भरून काढण्यासाठी सिलिंडरवर फिन, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, काढून पृष्ठभाग वाढवतात. बुलेटच्या फिनला धावण्याचा वारा पुरतो. ९११चे सहा सिलिंडर मागच्या बाजूला झाकलेले असल्याने तिथे पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा हवा फेकतो. तरीही उष्णतेचा मोठा वाटा तेलच वाहून नेते, म्हणून या गाडीत सुमारे दहा लिटर तेल असते. एवढे तेल लवकर तापत नाही. महिन्यातून एकदा गॅरेजमध्येच पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने पाणी तयार होते आणि ते उडून जाण्याइतके तेल तापत नाही. माझ्या मते ही सवय गाडी नुसती उभी ठेवण्याहूनही वाईट आहे.

पाण्याची गाठ ज्वलनातील आम्लांशी पडली की बेअरिंगे खराब होतात. गंजाचे सर्वांत शिकवणारे उदाहरण मात्र सिलिंडर आवळून धरणाऱ्या २४ स्टडांचे, म्हणजे आटे असलेल्या लांब सळ्यांचे, आहे. त्या काळच्या २.७ लिटर इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमची होती. तापल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते, त्यामुळे स्टडवर ताण येऊन त्यांचे आटे क्रँककेसमधून उपटून येत. यावर उपाय म्हणून अधिक प्रसरण पावणाऱ्या डिलावार या खास पोलादाचे स्टड आले, पण ते गंजाने चिरत आणि तुटत. म्हणजे एक दोष चालवल्याने उघडा पडणारा, तर दुसरा ओलाव्यात नुसते उभे राहूनही वाढणारा, आणि त्या दुसऱ्याची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही.

बाकीची तपासणी लवकर उरकते. टायरवरील चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ऑइल सील कोरडे पडून कडक होतात.

ते गृहस्थ आता पंधरवड्यातून एकदा ही गाडी त्र्यंबकेश्वरपर्यंत नेतात. जाऊन-येऊन सुमारे साठ किलोमीटर होतात आणि तेल पुरेसे तापते. परतल्यावर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवूनच ते तेलाची पातळी पाहतात, कारण या रचनेत गरम तेल फिरत असतानाच पातळी खरी कळते. मग झाकण उलटे करून आतून बोट फिरवतात. मागच्या वेळी बोटाला फक्त तेल लागले.