खरे गॉथिक आणि व्हिक्टोरियन गॉथिक

लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून दिसणारे संसद भवन मध्ययुगीन आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात 16 ऑक्टोबर 1834 रोजी हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना लागलेल्या आगीत तेथील जुना राजवाडा बहुतांशी भस्मसात झाला आणि आजची वास्तू त्यानंतर उभी राहिली. आगीतून बचावलेला वेस्टमिन्स्टर हॉल मात्र अकराव्या शतकाच्या अखेरचा असून त्याचे भव्य लाकडी छत चौदाव्या शतकातले आहे.

टोकदार कमानी आणि उंच निमुळते कळस खऱ्या, म्हणजे मध्ययुगीन गॉथिक शैलीत आणि एकोणिसाव्या शतकातल्या, राणी व्हिक्टोरियाच्या काळच्या ‘व्हिक्टोरियन’ गॉथिकमध्ये, असे दोन्हीकडे असल्यामुळे केवळ त्यांच्यावरून निवाडा करता येत नाही. पाहायचे ते भार कोण पेलते. बाराव्या ते सोळाव्या शतकातील ब्रिटिश कारागिरांना उंच दगडी छत उभारायचे होते. टोकदार कमान, छताच्या फासळ्या आणि बाहेरून आधार देणारे दगडी टेकू ही त्यासाठी त्यांना सापडलेली उत्तरे होती. सॉल्झबरी कॅथीड्रलची मुख्य इमारत 1220 ते 1258 या काळात झाली. तिच्यावर पुढे सुमारे 123 मीटर उंचीचा मनोरा चढवण्यात आला, पण इतक्या ओझ्याचा विचार मूळ बांधकामात नसल्यामुळे मनोऱ्याखालचे खांब आजही नुसत्या डोळ्यांना वाकलेले दिसतात. असा बाक नक्कल करणाऱ्याला सुचणार नाही.

एकोणिसाव्या शतकात याच रूपाची निवड हेतुपुरस्सर झाली. नव्या संसद भवनाच्या 1835 च्या स्पर्धेत आराखडा गॉथिक किंवा एलिझाबेथन (पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळच्या) शैलीतच हवा, अशी अटच होती. ती जिंकणारे चार्ल्स बॅरी मनाने अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन शैलीचे होते, तर गॉथिकचे कट्टर पुरस्कर्ते ऑगस्टस प्युजिन यांनी अंतर्भाग आणि बारीकसारीक नक्षी सांभाळली. परिणामी नदीकडची बाजू पाहिली की सारख्या अंतरावर सारख्याच खिडक्या येत राहतात. अंगावर गॉथिक वस्त्र असले तरी हाडे ग्रीक वळणाची आहेत, आणि छपरावर ओतीव लोखंडाची कौले आहेत. सेंट पँक्रास स्थानकापुढचे 1873 मध्ये उघडलेले हॉटेल लाल विटांचे, मनोऱ्यांनी सजलेले आहे, आणि त्याच्या मागेच सुमारे 73 मीटर रुंदीची लोखंडी कमान गाड्यांवर छत्र धरते. माझ्या मते त्या काळाची खरी कल्पकता मागच्या कमानीत अधिक आहे.

या हॉटेलचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर यांचेही आराखडे इंग्लंडमध्ये बसूनच केले. त्यामुळे मुंबईकराच्या डोळ्याला ‘गॉथिक’ म्हणून जे रूप सवयीचे आहे, ते व्हिक्टोरियन आहे.

खरी पंचाईत होते ती दोन्ही एकाच भिंतीत आले की. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चची आजची इमारत राजा तिसऱ्या हेन्रीने 1245 मध्ये सुरू केली, पण तिचे पश्चिमेकडचे दोन मनोरे 1745 मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ते मध्ययुगीनही नाहीत आणि व्हिक्टोरियनही नाहीत. सेंट ऑल्बन्स येथे तर लॉर्ड ग्रिमथॉर्प यांनी 1880 च्या दशकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली कॅथीड्रलची पश्चिम दर्शनी बाजू स्वतःच्या आराखड्याने आणि स्वतःच्या पैशाने नव्याने बांधली. संसद भवनाच्या सुप्रसिद्ध घड्याळाची रचना याच गृहस्थांची; यंत्रकलेतला त्यांचा अधिकार निर्विवाद असला, तरी त्या दर्शनी भागावरून शेकडो वर्षांच्या इमारतीचे वय ठरवू गेल्यास हमखास फसगत होते. तेथे आत जाऊन नॉर्मन काळातील, म्हणजे अकराव्या शतकातील मधल्या मनोऱ्याखाली उभे राहावे. त्याच्या बांधकामात रोमन शहराच्या अवशेषांतून आणलेल्या विटा वापरलेल्या आहेत.