प्रतिध्वनी-शब्द
शब्दाचे आरंभीचे अक्षर बदलून उरलेला भाग तसाच पुन्हा उच्चारला असता जो निरर्थक जोडीदार शब्द तयार होतो, त्याला भाषाविज्ञानात प्रतिध्वनी-शब्द म्हणतात. ‘चहाबिहा’मधील ‘बिहा’ला स्वतःचा अर्थ नाही, मात्र जोडीचा अर्थ ‘चहा किंवा तसेच काही’ असा पसरतो.

मराठीत बदली अक्षर बहुधा ‘बि’ असते: पाणीबिणी, पुस्तकबिस्तक, आमटीबिमटी. मूळ शब्दच ‘बि’ने सुरू होत असेल तर अर्थातच वेगळे अक्षर शोधावे लागते, म्हणून बिस्किटविस्किट. कन्नडमध्ये हेच काम ‘गि’ करते आणि मूळ स्वर दीर्घ असल्यास ‘गी’: मने-गिने (घरबिर), ऊट-गीट (जेवणबिवण). बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत दोन्ही भाषा सहज बोलणारे पुष्कळ असल्याने मिठाईच्या दुकानात मराठीतून ‘कुंदाबिंदा’ म्हणणारा माणूस कन्नड गिऱ्हाइकाशी बोलताना ‘कुंदा-गिंदा’वर येतो, पदार्थ तोच, नावही तेच, भाषा बदलल्याची खूण तेवढी त्या एका अक्षरात उमटते.

या शब्दांची खरी गंमत सुरात आहे. ‘पाव्हण्यांना कुंदाबिंदा द्या’ यात अगत्य आहे, तर ‘मला कुंदाबिंदा काही नको’ यात झिडकारणे. क्रियापदांनाही ही जोड लागते: ‘जेवूनबिवून निघा’ हा आग्रह, ‘पडलाबिडलास तर?’ ही काळजी. आदरणीय व्यक्तीच्या नावाला किंवा पदवीला ती लावली की मात्र अवहेलनाच होते. औपचारिक लेखनात हे शब्द क्वचितच येतात.

‘शेजारीपाजारी’, ‘गोडधोड’ यांसारखे अंशाभ्यस्त (मूळ शब्दाचा काही भागच पुन्हा येणारे) शब्द वरवर असेच दिसतात, पण ते रूढ व ठरीव आहेत. प्रतिध्वनी-शब्द कालपरवा आलेल्या शब्दालाही लागतो, जसे ‘मोबाईलबिबाईल’.

भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र, म्हणजे वेगवेगळ्या कुळांतील भाषा शेजारामुळे सारख्या होत गेलेला प्रदेश, असल्याचे मांडताना आर्य व द्राविड भाषाकुळांत समान असलेल्या या रचनेचाही दाखला दिला. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेही याच वर्षी, हा निव्वळ योगायोग. पुढे 1971 मध्ये भाषा-अभ्यासक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू बोलींची वाक्यरचना परस्परांच्या जवळ आलेली असून शब्द मात्र आपापले राहिले आहेत, असे दाखवले. प्रतिध्वनी-शब्दातही साचा सामाईक आणि अक्षर ज्याचे त्याचे, अशीच वाटणी आढळते.