खांदा व दंड
हात धडाला जोडणारा भाग म्हणजे खांदा आणि तेथून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे दंड. खांद्यात तीन हाडे एकत्र येतात : पुढे जत्रुकास्थी (गळपट्टीचे हाड), मागे अंसफलक (फरा) आणि दंडातील एकमेव हाड भुजास्थी. यांपैकी धडाच्या सांगाड्याशी सांध्याने जोडलेली केवळ जत्रुकास्थी. ती उरोस्थीला (छातीच्या मधल्या हाडाला) टेकते. अंसफलक बरगड्यांवर स्नायूंच्या आधारानेच सरकते. गर्भात जत्रुकास्थी सर्वांत आधी, साधारणपणे पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाडाचे रूप घेऊ लागते. तिचे उरोस्थीकडचे टोक मात्र विशी उलटल्यावरच पूर्ण सांधते. न्यायवैद्यकात वयाचा अंदाज बांधताना ते म्हणूनच पाहतात.

मुख्य सांधा अंसफलकावरील उखळीचा. पण ही उखळ इतकी उथळ आहे, की भुजास्थीच्या गोल माथ्याचा एक-तृतीयांशाहून कमी भाग एका वेळी तिला टेकतो. काठावरील तंतुमय कास्थीची (कूर्चेची) कडा तिला थोडी खोली देते. खरी पकड चार स्नायूंच्या कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची) : वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस व टेरीस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस. यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. खालची बाजू उघडी राहते. खांदा निखळतो तेव्हा माथा बहुतेक वेळा पुढे व खाली उतरतो आणि जवळून जाणाऱ्या ॲक्सिलरी मज्जातंतूला इजा होऊ शकते. त्यामुळे खांदा बसवण्यापूर्वी दंडाच्या वरच्या, बाहेरच्या भागातील त्वचेची संवेदना तपासणे अत्यावश्यक आहे.

हात बाजूला उचलण्याची सुरुवात कोणता स्नायू करतो, हा जुना वाद आहे. पहिले सुमारे १५ अंश सुप्रास्पायनेटस आणि पुढे डेल्टॉइड (खांद्याला बाहेरून झाकणारा जाड स्नायू), अशी वाटणी अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. स्नायूंच्या विद्युत् आलेखांत मात्र दोन्ही प्रारंभापासूनच कार्यरत दिसतात. सुप्रास्पायनेटसचा मज्जातंतू बधिर केल्यावरही हात, कमी ताकदीने का होईना, उचलता येतो. त्यामुळे दोघांचे काम जोडीने चालते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डेल्टॉइड एकटाच ओढू लागला तर माथा वर सरकतो. रोटेटर कफ त्याला उखळीत दाबून धरतो. हा कफ मोठ्या प्रमाणात फाटला, की डेल्टॉइड शाबूत असूनही पुष्कळदा हात वर जात नाही, नुसता खांदा उचकतो.

या हालचालीत अंसफलकाचा वाटा किती, याबद्दलही आकडे जुळत नाहीत. १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स व ॲबट यांनी २:१ हे प्रमाण मांडले; म्हणजे १८० अंशांपैकी १२० उखळीच्या सांध्यात व ६० अंसफलकाच्या फिरण्याने. नंतरच्या मोजमापांत हे प्रमाण व्यक्तीनुसार, उचललेल्या भारानुसार आणि हालचालीच्या टप्प्यानुसार बदलते असे दिसले. २:१ ही सरासरी मानणेच योग्य. सांध्याची एक मर्यादा कोणालाही पडताळता येते : तळहात जमिनीकडे ठेवून हात बाजूने वर नेला, तर तो काटकोनाच्या आसपास अवघडतो, तळहात वर वळवला, की मोकळा होतो. या वळणाने भुजास्थीचा बाहेरचा उंचवटा खांद्याच्या टोकाखालून मागे सरकतो.

दंडात पुढे बायसेप्स, ब्रेकिॲलिस व कोराकोब्रेकिॲलिस आणि मागे ट्रायसेप्स हे स्नायू आहेत. कोपर वाकवण्याचे मुख्य काम बायसेप्सखाली दडलेल्या ब्रेकिॲलिसचे. बायसेप्स त्याला साहाय्य करतो आणि तळहात वर वळवतो. रेडियल मज्जातंतू भुजास्थीला मागून वळसा घालतो. हाड मध्यावर मोडल्यास तो दुखावून मनगट लुळे पडू शकते. आतल्या बाजूने भुजारोहिणी जाते. रक्तदाब सहसा तिच्यावरच मोजतात.

सुश्रुतसंहितेत या भागातील अंस, अंसफलक व कक्षाधर ही मर्मे (इजा झाल्यास गंभीर परिणाम होणारी स्थाने) दिली आहेत. संहितेच्या काळाबद्दल मतभेद आहेत. आजचा पाठ अनेक शतकांत घडत गेला असावा. कक्षाधर म्हणजे काखेकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे, असे काही आधुनिक भाष्यकार मानतात. मूळ पाठ छाती व काख यांमधील स्थान आणि इजेचा परिणाम म्हणून पक्षाघात एवढेच सांगतो. त्यावरून नेमकी रचना निश्चित करता येत नाही.