अर्धी बादली तेल काढायला अर्धा दिवस का लागतो?

अमोनिया प्लांटचे मालक आणि ऑपरेटर मंडळींसाठी माहितीपत्रक

बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असो, द्राक्षाचं प्री-कूलिंग असो, दूध शीतकरण केंद्र असो की बर्फ कारखाना, सर्व्हिसचं बिल हातात पडलं की एक प्रश्न हमखास येतो. यंत्रणेत साचलेलं तेल निघालं अर्धी बादली, मग तुमची दोन माणसं अर्धा दिवस प्लांटवर काय करत होती? आमचा ऑपरेटर तर पंधरा मिनिटांत काढतो.

पंधरा मिनिटांत तेल निघतं, हे खरं आहे. पण ते ऑइल पॉटमधलं, म्हणजे तळाशी तेल जमा होणाऱ्या भांड्यातलं, लिक्विड (द्रवरूप अमोनिया) उडून जाण्याची वाट न पाहता काढलेलं असतं. अशा वेळी तेलामागून नळीतून काय बाहेर पडेल, ते कुणाच्याच हातात नसतं. गॅस भरण्याचं काम सोडलं तर एरवी थंडावा देणारा अमोनिया बंद पाइपांतच फिरतो. तेल काढताना मात्र आपण स्वतःच्या हाताने यंत्रणा बाहेरच्या हवेला उघडतो. प्लांटवरच्या नेहमीच्या कामांत आम्ही सगळ्यात जास्त सांभाळून करतो ते हेच काम.

तेल खाली, लिक्विड वर

कॉम्प्रेसर गॅस दाबताना आपल्या वंगणाचं थोडं थोडं तेल पुढे फेकतच असतो. सेपरेटर (तेल वेगळं करणारं भांडं) त्यातलं बरंचसं धरतो, उरलेलं कंडेन्सर (गॅसचं लिक्विड करणारा) आणि रिसीव्हरमधून (लिक्विडची टाकी) थंड बाजूला पोहोचतं. अमोनिया आणि मिनरल ऑइल एकमेकांत मिसळत नाहीत. लिक्विड अमोनिया लिटरला साधारण ६०० ते ६५० ग्रॅम भरतो, तेल ९०० च्या आसपास. म्हणून तेल तळाला बसतं आणि थंडीने घट्ट होतं. ते वेळेवर काढलं नाही तर कॉइलच्या आतून त्याचा थर चढतो. मग चेंबरचं तेच तापमान राखायला कॉम्प्रेसर जास्त तास चालतो आणि वीजबिल वाढतं. तेव्हा तेल काढायलाच हवं, त्यात वाद नाही.

अडचण इतकीच की तळाचं तेल संपलं की त्याच भोकातून लिक्विड अमोनिया येतो. बाहेरच्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशालाच उकळतो आणि वायू होताना आठशे पटींहून जास्त फुगतो. साधा हिशेब करून पाहा. प्लांटरूम चार मीटर रुंद, पाच मीटर लांब, तीन मीटर उंच आहे, हवा खेळती नाही आणि अर्धा लिटर लिक्विड जमिनीवर सांडलं. सगळं उडालं की खोलीतलं प्रमाण सात हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत सात हजार भाग) वर जातं. आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा २५ पीपीएमची आहे, आणि ३०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे पाण्याच्या छोट्या बाटलीएवढं लिक्विड एक खोली भरून टाकायला पुरतं.

वासावरून अंदाज बांधू नका. नाकाला वास पाच-दहा पीपीएमलाही येतो, पण रोज प्लांटरूममध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला त्याची सवय होते. "आज वास कमी आहे" असं जुन्या ऑपरेटरने सांगितलं तरी डिटेक्टर बघा.

आमची माणसं तो अर्धा दिवस काय करतात

आधी व्हेसलकडून (थंड बाजूच्या टाकीकडून) ऑइल पॉटमध्ये येणारा व्हॉल्व्ह घट्ट बंद करतात. पॉटवरून सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या गॅस ओढणाऱ्या बाजूला, जाणारी व्हेंट लाइन उघडतात. पॉटमधलं लिक्विड हळूहळू उकळून सक्शनला परत जातं. हे होत असताना पॉटच्या अंगावर बर्फ धरलेला दिसतो, आणि आत लिक्विड कुठवर आहे ते त्या बर्फावरून कळतं. बर्फ वितळून पॉट हाताला खोलीइतका कोमट लागेपर्यंत थांबायचं. घाई असेल तर बाहेरून नळाचं साधं पाणी सोडावं. ब्लो लॅम्प, वेल्डिंगची ज्योत किंवा उकळतं पाणी अजिबात नाही.

मग परीक्षा. व्हेंट बंद करून पंधरा-वीस मिनिटं पॉटचा गेज (दाबमापक) पाहायचा. काटा सक्शनच्या दाबाजवळ, म्हणजे बर्फ कारखान्यात दीड किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास, कोल्ड स्टोरेजमध्ये दोन-अडीच किलोवर जवळपास तिथेच राहिला, तर आत फक्त तेल उरलं आहे. तेलात विरघळलेल्या गॅसमुळे काटा किंचित हलतो, ते चालतं. पण काटा चढतच राहिला तर आत अजून लिक्विड आहे. तीस अंशाच्या खोलीत तो पार अकरा किलोकडे निघतो. अशा वेळी व्हेंट पुन्हा उघडायची आणि पुन्हा थांबायचं. बिलात दिसणारा वेळ या थांबण्याचा असतो, आणि तो कमी करायची आमची तयारी नाही.

पॉटवर गेजच नसेल, तर ही परीक्षा करताच येत नाही. बऱ्याच जुन्या प्लांटवर नसतो.

तेल काढताना एक जण व्हॉल्व्हवर. दुसरा चार हातांवर, पाण्याची नळी चालू ठेवून, पहिल्याच्या नजरेसमोर. दोघांच्या तोंडावर अमोनियाचा, म्हणजे हिरव्या पट्ट्याच्या फिल्टरचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि हातात निओप्रीनचे लांब हातमोजे. प्लांटरूमचा दरवाजा उघडा, एक्झॉस्ट चालू. ड्रेनचा हँड व्हॉल्व्ह अर्धा-पाऊण फेराच उघडायचा आणि पुढचा, हात सोडताच बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हाताने दाबून धरायचा. तेलाची धार अखंड येते. धार तुटक झाली, फसफस सुरू झाली किंवा नळीच्या तोंडाशी पांढरं धरू लागलं, की हात सोडायचा. शेवटचा पावशेर तेल काढायच्या मागे लागू नये, ते पुढच्या वेळी येईल.

काम झालं की तोंडाला स्टीलचा प्लग लावायचा आणि किती तेल निघालं ते वहीत लिहायचं. कॉम्प्रेसरमध्ये महिन्याला जेवढं टाकता त्याच्या मानाने फार कमी निघत असेल, तर बाकीचं कॉइलमध्ये साचतं आहे. काढलेलं तेल परत कॉम्प्रेसरमध्ये टाकू नका. त्यातून गॅस बराच वेळ सुटत राहतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा, खोलीत नको.

ज्या एका चुकीमुळे आम्हाला रात्री बोलावलं जातं

व्हॉल्व्ह उघडला आणि काहीच आलं नाही. मग ऑपरेटर तो आणखी उघडतो. तरी येत नाही. मग पूर्ण उघडतो, तारेने टोचून पाहतो, किंवा "येईल हळूहळू" म्हणून तसाच उघडा ठेवून चहाला किंवा फोन घ्यायला जातो.

आत घडतं ते असं. थंड तेल घट्ट होऊन, नाहीतर गंज-कचरा साचून, ड्रेनच्या तोंडाशी बूच बसलेलं असतं. त्याच्या मागे दोन-अडीच किलोचा दाब आहे, आणि पॉट रिकामा केला नसेल तर लिक्विडही आहे. बूच ऊब लागून सैल होतं किंवा टोचल्यावर एकदम सुटतं, आणि पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून पांढरा फवारा थेट अंगावर येतो. त्या फवाऱ्यात हात घालून चाक आठ-दहा फेरे फिरवणं कुणालाही जमत नाही.

म्हणून काहीच आलं नाही तर व्हॉल्व्ह आणखी उघडायचा नाही, बंद करायचा. पॉटला ऊब द्या, गेज पाहा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही आलं नाही तर आम्हाला कळवा. दिवसा बूच काढायला येणं आणि रात्री गळतीवर येणं, यांतलं पहिलं दोघांनाही परवडतं.

स्प्रिंगचा व्हॉल्व्ह, ज्याला डेडमॅन व्हॉल्व्ह म्हणतात, तो यासाठीच असतो. हात सुटला की तो आपोआप बंद. काही ठिकाणी आम्ही बसवलेल्या व्हॉल्व्हची दांडी तारेने बांधून ठेवलेली आढळते. दांडी बांधली की तो व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. कृपया असं करू नका, तुमचा ऑपरेटर तिथे उभा असतो.

आणखी तीन गोष्टी, थोडक्यात. ड्रेनच्या नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नका. वास मरतो हे खरं, पण अमोनिया पाण्यात इतक्या वेगाने विरघळतो की नळीत पोकळी होऊन पाणी उलटं ओढलं जातं. यंत्रणेत पाणी शिरलं की ते काढणं हे मोठं काम आहे. दुसरं, हार्डवेअरच्या दुकानातला पितळी कॉक किंवा तांब्याची नळी अमोनियावर कुठेही नको, अमोनिया त्यांना खातो. सगळं स्टीलचंच हवं. तिसरं, थंड लिक्विडने भरलेल्या पॉटचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून जाऊ नका. लिक्विड तापून फुगलं आणि त्याला जागाच उरली नाही, तर गॅस्केट किंवा पाइप फुटतो. पॉटवर सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर हा धोका रोजचाच आहे.

तरीही गळती झालीच तर

पांढरा ढग दिसला की पहिलं काम माणसं बाहेर काढण्याचं. वारा कुठून येतो ते पाहा, त्यासाठी छतावर कापडी वाऱ्याची पिशवी लावलेली असावी. ढगातून पळू नका. वाऱ्याला आडवं निघून मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा. मास्क जवळ नसेल तर ओला टॉवेल नाका-तोंडावर धरा, पाणी बराच गॅस शोषून घेतं. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण लिक्विडमधून उठलेला थंड ढग जड असतो आणि जमिनीलगत सरकतो, म्हणून खड्ड्यात, तळघरात किंवा बंद खोलीत आसरा घेऊ नका.

प्लांट बाहेरच्या पॅनेलवरून बंद करा. खोलीतले दिव्याचे खटके हाताळू नका. हवेत अमोनिया साधारण १५ ते २८ टक्के झाला तर तो ठिणगीने पेटतो. रिसीव्हरचा मुख्य लिक्विड व्हॉल्व्ह ढगाच्या बाहेर असेल आणि सहज पोहोचता येत असेल तरच बंद करा. फिल्टरचा मास्क बारीक गळतीसाठी आणि बाहेर पळण्यासाठी आहे. पांढऱ्या ढगात शिरायला पाठीवरचा हवेचा सिलिंडर असलेला सेटच लागतो, आणि तोही शिकलेल्या दोन माणसांनी मिळून वापरायचा. आत कुणी अडकला असेल तरी हाच नियम. नुसता रुमाल बांधून सोडवायला गेलेला माणूसही तिथेच पडतो.

पाणी वापरायचं, पण कुठे ते महत्त्वाचं. हवेतल्या ढगावर बारीक फवाऱ्याचा पडदा धरा, त्याने गॅस खाली बसतो. जमिनीवर साचलेल्या लिक्विडच्या डबक्यावर मात्र थेंबभरही पाणी मारू नका. पाणी त्याच्या मानाने खूप गरम असतं, शिवाय दोन्ही मिसळताना आणखी उष्णता निघते, त्यामुळे डबकं एकदम उकळून ढग कित्येक पटींनी वाढतो. डबकं वाळूने अडवा. हवेचा सेट घातलेल्या माणसाला जमलं तर वरून ताडपत्री टाकू द्या. फवाऱ्याचं वाहून आलेलं पाणी ओढ्या-नाल्यात जाऊ देऊ नका, मासे मरतात.

अंगावर उडालं तर

डोळे लगेच, पापण्या बोटांनी उघड्या धरून, किमान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. दवाखाना जवळ असला तरी आधी हे. कपडा त्वचेला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, भरपूर पाणी टाकून सुटू द्या. लिंबू, व्हिनेगर, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. गॅस छातीत गेलेल्याला मोकळ्या हवेत अर्धवट बसतं ठेवा, चालवू नका. "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. फुफ्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो, म्हणून डॉक्टरांना अमोनिया लागल्याचं स्पष्ट सांगा.

फोन आधी ११२ ला किंवा अग्निशमन दलाला १०१ वर, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि मग आम्हाला. आमची गाडी कितीही लवकर निघाली तरी तुमच्या तालुक्याच्या बंबाआधी पोहोचणार नाही. फोनवर एवढं सांगा: अमोनिया आहे, यंत्रणेत साधारण किती किलो आहे, गळती कुठल्या व्हॉल्व्हजवळ दिसते, वारा कुठे जातो, कुणी आत आहे का. आमचा नंबर प्लांटरूमच्या दारावरच्या स्टिकरवर आहे. स्टिकर दाराच्या बाहेरच्या बाजूला असू द्या, आतून लावलेला त्या वेळी वाचता येत नाही.

पॉटवर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नसेल तर आम्ही तिन्ही बसवून देतो. त्यासाठी ती लाइन पंप डाऊन करावी, म्हणजे अमोनियापासून रिकामी करावी लागते, म्हणून काम हंगामाबाहेर ठरवा. बेदाणा आणि द्राक्षवाल्यांनी दिवाळीनंतर लगेच, किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांनी १ जूनला मासेमारी बंदी सुरू झाली की. वार्षिक करारातल्या ग्राहकांना मजुरी लागत नाही, सामानाचेच पैसे. त्याच भेटीत तुमच्या ऑपरेटरांकडून तेल काढण्याची पूर्ण रीत एकदा करून घेतो. रात्रपाळीच्या माणसालाही त्या दिवशी बोलावून ठेवा.