‘माझुई’ : चव बिघडली की प्रसंग?

जपानी शिकायला घेतलं की ‘माझुई’ हा शब्द लवकरच भेटतो. अर्थ सांगतात ‘बेचव’. मग कोणीतरी घड्याळ बघून ‘माझुई!’ म्हणतं, गाडी चुकणार असते, जेवणाचा संबंधच नसतो. त्यालाच मन या अर्थाचं ‘कि’ जोडलं की ‘किमाझुई’ : भांडून बसलेली दोन माणसं लिफ्टमध्ये समोरासमोर आली की जे अवघडलेपण येतं, ते. उलट ‘उमाई’ म्हणजे रुचकर, आणि हातात कसब असलेलाही. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या सारातली चव हुडकली, तिचं ‘उमामी’ हे नाव याच उमाईवरून आलं.

चवीचा शब्द मनाला लागणं तिथे फार जुनं आहे. कडू म्हणजे ‘निगाई’ आणि जीव नकोसा करणारं ते ‘कुरुशिई’. दोन्ही लिहायला चिनी अक्षर एकच. मूळचं ते एका कडू वनस्पतीचं, त्याच्या माथ्यावर गवताची खूण आजही दिसते. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची भाषांतरं झाली तेव्हा ‘दुःख’ या शब्दासाठी हेच अक्षर निवडलं गेलं. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानच्या दरबारी पोचला, तो हे अक्षर बरोबर घेऊनच. चार आर्यसत्यांतलं पहिलं सत्य तिथे कडूच्या अक्षरात वाचतात, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिलो. तिखट ‘काराई’ आणि असह्य ‘त्सुराई’ यांचंही असंच, अक्षर एक.

‘शिबुई’ म्हणजे तुरट. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं काकी हे फळ. त्याच्या काही जाती टॅनिनमुळे इतक्या तुरट की घास घेताच जीभ आखडते. तीच फळं सोलून, दोरीला टांगून वाळवली की गोड होतात. शिबुई चेहरा म्हणजे नाराज चेहरा. वाहतूक तुंबते त्या शब्दातही हेच तुरटाचं अक्षर. पण पुढे याच शिबुईला भडकपणा नसलेलं, मुरलेलं सौंदर्य असा अर्थ आला.

‘एगुई’ मात्र मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो, ती चव. जपानी लोक सातोइमो हा अळूचाच कंद खातात, त्यामुळे शब्द रोजच्या स्वयंपाकातला. पुढे तो क्रूर, अंगावर येणाऱ्या गोष्टींना लागला. आताची तरुण मुलं जबरदस्त खेळीलाही ‘एगुई!’ म्हणतात.