कपलर पाइप सोडतो, तेव्हा आधी हे पाहा

एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाचा कॉम्प्रेशन कपलर, म्हणजे नट आवळून दोन पाइप जोडणारा जोड, "मोटार सुरू केली की सुटतो" म्हणून आमच्या दुकानात परत येतो. बहुतेक वेळा तो धडधाकट असतो. पाइपच पूर्ण आत गेलेला नसतो.

आत सरकवताना पाइप दोन ठिकाणी अडतो. आधी ओ-रिंगवर (पाणी अडवणारी रबरी रिंग), मग कपलरच्या मधल्या उंचवट्यावर. ओ-रिंगवर अडला की पोचला असं वाटतं आणि नट आवळला जातो. नटाखालची ग्रिप रिंग पाइप धरते, पण पाणी अडवायला तिथे काहीच नसतं. गळती दिसली की चेन पाना लागतो आणि नट तडकतो. असा तडकलेला नट आम्ही बदलून देत नाही. कृपया त्यावरून वाद नको.

म्हणून मार्कर वापरा. नट तीन-चार आटे सैल करा. कपलरच्या मध्यापासून सैल नटाच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजून पाइपावर तेवढीच खूण करा. पाइप काटकोनात कापा, बाहेरची कड कानशीने तिरकी घासा (धारदार कड ओ-रिंग कापते), टोकाला साबणाचं पाणी लावा आणि खूण नटाच्या तोंडाशी येईपर्यंत फिरवत ढकला. आवळताना नट आत सरकतो, त्यामुळे खूण थोडी बाहेर दिसेल. पाइप निसटला असं समजू नका.

६३ मिमी आणि पुढच्या मापांत नट व ग्रिप रिंग काढून आधी पाइपावर चढवणं सोपं पडतं. रिंगची जाड बाजू बॉडीकडे. उलटी बसली तर ती पाइप धरतच नाही. टेफलॉन टेप फक्त आट्याच्या जोडाला, म्हणजे एमटीए-एफटीएला (बाहेरून किंवा आतून आटे असलेले अडॅप्टर). कॉम्प्रेशनच्या नटाला नको.

कॉइलचं टोक चपटं असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, नाहीतर ओ-रिंग एका बाजूने मोकळी राहते.

पाइप भर दुपारी ताणून टाकू नका. १०० मीटर पाइप २० अंशांनी थंड झाला की ३० ते ४० सेंटिमीटर आखडतो आणि सगळी ओढ जोडांवर येते. चरात नागमोडी टाका, आणि पाणी सोडून जोड तपासल्याशिवाय चर बुजवू नका.

ओ-रिंग आणि ग्रिप रिंग आमच्याकडे सुट्या मिळतात, पूर्ण कपलर घ्यायची गरज नाही. येताना पाइपाचा वीतभर तुकडा आणा. बाजारात "दोन इंची" म्हणून वेगवेगळ्या मापांचं बरंच काही विकलं जातं.