सैंधव गुलाबी असलं म्हणून किडनी फसत नाही

परवा परत सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला, साधं मीठ म्हणजे विष, सैंधव खा, बीपी मुळापासून जाईल. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि एका काकूंनी तर लगेच किलोभर मागवलंसुद्धा. सैंधव चवीला छान लागतं, उपासाला चालतं, सगळं मान्य, पण त्यात ९५ टक्क्यांच्या वर सोडियम क्लोराईडच असतं हो, म्हणजे आपलं मीठच! गुलाबी रंग येतो तो लोहाच्या किंचित अंशामुळे, आणि साध्या मिठात मुद्दाम घातलेलं आयोडीन त्यात बहुतेक वेळा नसतं ते वेगळंच.

बीपी म्हटलं की सगळ्यांना हृदय आठवतं, पण वर्षानुवर्षं तुमचं बीपी कुठे राहणार हे बऱ्याच अंशी किडनी ठरवते आणि हा माझा लाडका विषय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळते, त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं. एवढं मीठ अंगात एका वेळी असतच नाही, तेच तेच परत परत गाळलं जातं. दिवाळीच्या साफसफाईला कसं कपाट अख्खं रिकामं करून हवं तेवढंच परत आत ठेवतो, तसं किडनी ९९ टक्क्यांहून जास्त मीठ रक्तात परत घेते आणि उरलेलं लघवीवाटे जातं. आता तुम्ही रोज १० ग्रॅम मीठ खाल्लंत तर थोडं घामावाटे सोडून बाकीचं रोज बाहेर पडायलाच हवं. काहींची किडनी हे पटापट करत नाही, मग मीठ साठतं, त्याच्याबरोबर पाणी थांबतं, प्रेशर चढतं, आणि त्या चढलेल्या प्रेशरमुळेच किडनीतून जास्त मीठ बाहेर पडायला लागतं. हिशोब जुळला, पण बीपी वर राहून जुळला! हे गणित आर्थर गायटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं.

याच्यावर हॉर्मोन्सचा कारभार आहे. प्रेशर किंवा मीठ कमी वाटलं की किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन वाढवतं, मग मीठ आणखी धरून ठेवलं जातं. आणि खरी गंमत पोटॅशियमची आहे. किडनीच्या नळीत शेवटाकडे एनसीसी नावाचं प्रोटीन असतं जे सोडियम आणि क्लोराईड आत ओढतं. रक्तात पोटॅशियम कमी झालं की या प्रोटीनला फॉस्फेट चिकटतं आणि ते जोरात कामाला लागतं, पोटॅशियम पुरेसं असलं की थंडावतं. म्हणजे डाळी, पालेभाज्या, केळी, शहाळं असं पोटॅशियमवालं खाल्लं की किडनी लघवीवाटे मीठ जास्त सोडते. थायाझाईड नावाच्या बीपीच्या गोळ्या नेमकं हेच प्रोटीन अडवतात. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, मीठ कमी, भाजी-फळं जास्त.)

मीठ आणि बीपीचा संबंध अनेक देशांत तपासणाऱ्या १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात ब्राझीलचे यानोमामी लोक होते, जे जवळजवळ मीठ खातच नाहीत. त्यांचं सरासरी बीपी ९५/६१ च्या आसपास, आणि वयाबरोबर ते वाढतही नव्हतं. वयाप्रमाणे थोडं बीपी असायचंच, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात ना, म्हणून सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा किंचित कमी, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ तर हिशोबात कुणी धरतच नाही. बाकीचं तुम्हाला माहीत आहेच, रोज भरभर चालणं, दारू-तंबाखू बंद, झोप नीट, आणि वजन, जे १ किलो उतरलं की वरचं बीपी साधारण १ ने उतरतं. बीपी उतरवतं म्हणून विकतात त्या चुंबकाच्या ब्रेसलेटने फक्त विकणाऱ्याचं भलं होतं.

हल्ली लो सोडियम मीठ मिळतं, त्यात थोडं पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत असं मीठ वापरून बघितलं, निकाल २०२१ मध्ये आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. हे मीठ खरंच उपयोगाचं आहे, पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट उघडू नका.